बेळगावकडे नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना मिशनरी विश्वासात कसं घडवत?

शेजारी बसून, वाचायला शिकवून. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावात आले, तेव्हापासूनचं हे काम. बाप्तिस्म्याआधी प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा पाठ करून घेत, प्रश्न विचारत. पण खरी गरज त्यानंतर लागे, कारण भाऊबंद तुटलेले असत. नुसत्या रविवारच्या उपासनेने भागत नाही, घरी जावंच लागतं. हे मी आजही बघतो.

खानापूरकडच्या माझ्या आजीला पाळकबाईंनी चुलीपाशी बसून, ओळीखाली बोट ठेवून शुभवर्तमान वाचायला शिकवलं. नारायण वामन टिळकांची भजनं तर तिला ओव्यांसारखी तोंडपाठ झाली. योहानाच्या तिसऱ्या अध्यायावर तिच्या बोटाचा हळदीचा डाग अजून आहे.