पलीकडचं घड्याळ

फोंडा, गोवा

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझी नेमणूक पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरला झाल्याचं तुझ्या आईने काल बाजारात सांगितलं. एवढ्या लांब, तेही बॉर्डरवर, म्हणून तिचा जीव खालीवर होतोय. माझा मात्र ऊर भरून आला. माझी सगळी नोकरी विजेच्या लाइनीवर गेली, शेवटची काही वर्षं सीमेपलीकडे जाणाऱ्या लाइनीवर. तिथे जे शिकलो त्यातलं थोडं तू रुजू होण्याआधी तुला कळावं, म्हणून लिहायला बसलो.

तिथून बांगलादेशातल्या भेरामाराला जाणारी बहरामपूर–भेरामारा लाइन कागदावर साधी दिसेल. 400 केव्ही म्हणजे चार लाख व्होल्ट, डबल सर्किट म्हणजे तारांचे दोन संच. 2013 मध्ये 500 मेगावॉटने सुरू झाली, 2018 मध्ये आणखी 500 वाढले. पण ती बांगलादेशच्या ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, सरळ जोडलेली नाही. भेरामाराला बॅक-टू-बॅक स्टेशन आहे. आपली एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज, तिथे डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, होते आणि त्याच आवारात पुन्हा एसी होऊन पुढे जाते. आपली फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचा सेकंदाला पडणारा ठेका, त्यांच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबते.

असं का, हे गोव्याच्या मुलीला समजावणं सोपं आहे. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर लाइन जोडली जाईपर्यंत दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशापासून वेगळं होतं. म्हणून आपल्या एवढ्याशा गोव्यात कोल्हापूरहून म्हापशाला येणारी वीज एका ठेक्यावर चालायची आणि कर्नाटकातल्या आंबेवाडीहून फोंड्याला येणारी दुसऱ्या. नावाला दोन्हीकडे 50 हर्ट्झ, पण एकीकडे काटा 49.6 वर असला की दुसरीकडे 50.2 वर. एका बाजूचा लोड, म्हणजे विजेची मागणी, दुसरीवर घ्यायचा तर आधी पुरवठा तोडायचा, मग दुसरीकडून द्यायचा, मधे अंधार. दोन्ही चालू ठेवून जोडायची सोयच नव्हती. दोन ग्रिडांचा शेजार म्हणजे काय ते मी घरच्या घरी शिकलो. भूतान आणि नेपाळ आज आपल्या ठेक्यावर चालतात, तिकडची हालचाल आपल्याला लगेच जाणवते. बांगलादेशच्या बाजूला मधे डीसीची भिंत आहे. तिच्यामुळे त्यांचा धक्का आपल्याला बसत नाही. पण आपल्याकडून जाणारी वीज तुटली तर त्यांना वाचवायला ती भिंत पुरत नाही.

1 नोव्हेंबर 2014 चा अहवाल मिळवून वाच. त्या दिवशी भेरामाराचं स्टेशन ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं. साडेचारशेच्या आसपास मेगावॉट एका क्षणात गेले आणि बघता बघता अख्खा बांगलादेश काळोखात. आपल्या ग्रिडला साडेचारशे म्हणजे फार काही नाही. त्यांच्या त्या वेळच्या ग्रिडचा तो जवळपास दहावा हिस्सा होता. फ्रिक्वेन्सी घसरत गेली, रिलेंनी, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या संरक्षक यंत्रांनी, लोड तोडला तोही पुरला नाही, मग जनित्रं एकामागून एक बाहेर पडली. दोन देशांतली लाइन किती मोठी बांधायची हे दोघांतल्या लहान ग्रिडला काय सोसेल त्यावरून ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. तू ऑपरेशनमध्ये असशील, तुझ्यासाठी त्याचा अर्थ रोजचा आहे: भार वाढवण्याआधी त्यांच्याकडे आत्ता राखीव किती आहे ते विचारत जा. स्क्रीनवर दिसत असलं तरी विचार.

आता घड्याळ. यात माझी स्वतःची चूक आहे. नेपाळच्या सीमेजवळच्या एका सबस्टेशनवर मी रात्रपाळीला होतो. लाइन ट्रिप झाली, मी लॉगबुकात 02:10 लिहिलं. पलीकडच्याने त्याच्या वहीत 02:25 लिहिलं. दोघांचंही बरोबर, कारण नेपाळचं घड्याळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे. पण कुठल्या देशाची वेळ ते दोघांनीही लिहिलं नव्हतं. चौकशीत ते दोन वेगळे बिघाड धरले गेले, आणि न झालेला दुसरा बिघाड शोधायला आमची माणसं दोन दिवस भर पावसात टॉवरमागून टॉवर चालत राहिली. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा पिंढऱ्यांपर्यंत चिखल आणि जळवांचे डाग. त्या पानाची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. निळ्या शाईतलं 02:10 आणि त्याला साहेबांनी लाल पेनने केलेलं गोल.

कधी किती वीज द्यायची-घ्यायची याचं आपलं शेड्युल पंधरा मिनिटांच्या ब्लॉकवर चालतं, दिवसाचे 96 ब्लॉक. नेपाळशी आपला फरक बरोबर एका ब्लॉकचा, ढाक्याशी दोनांचा. वेळेपुढे देश लिहायचा, फोनवर बोलतानाही उच्चारायचा.

आणि फोन वेळेवर करायचा. 28 सप्टेंबर 2003 च्या पहाटे तीन वाजून एक मिनिटाने स्वित्झर्लंडमधून इटलीला वीज नेणारी एक लाइन झाडाजवळ फ्लॅशओव्हर होऊन, म्हणजे वीज झाडाकडे उडी मारून, बंद पडली. इटली त्या वेळी शेजाऱ्यांकडून भरपूर वीज घेत होता. स्वित्झर्लंडच्या कंट्रोल रूममधून इटलीला फोन गेला तो दहा मिनिटांनी, 300 मेगावॉट कमी करा म्हणून. इटलीने कमी केलेही, पण तोवर दुसरी लाइन तापून खाली झुकत होती. 3:25 ला तीही गेली आणि थोड्याच वेळात सार्डिनिया सोडून सगळा देश अंधारात. 2006 च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत एका लाइनच्या दोन टोकांना दोन कंपन्यांनी संरक्षणाच्या मर्यादा वेगवेगळ्या ठेवल्या होत्या आणि एका कंट्रोल रूमला दुसरीची मर्यादा ठाऊक नव्हती. त्या रात्री युरोपच्या ग्रिडचे तीन तुकडे झाले. म्हणून पहिल्याच आठवड्यात भेरामाराच्या टोकाची रिले सेटिंग्ज मागून घे आणि तारखेसह तुझ्या वहीत उतरव.

ते झाड माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे कुळागरावरून लाइन गेली की माडा-पोफळींच्या शेंड्यांचा प्रश्न दर मे महिन्यात येतो. ज्याच्या बापाने ती पोफळ लावली त्याच्याशी पडवीत बसून बोललं, तर तो स्वतःच फोन करून सांगतो, शेंडा वर आलाय. न विचारता कोयता चालवला तर पुढच्या वर्षी गेट बंद. पुढे कधी बांधणीच्या बाजूला गेलीस तर गोव्यातल्या मोले इथल्या जंगलातून जाणाऱ्या लाइनीचं सगळं प्रकरण मुळातून वाच. 400 केव्हीची लाइन नव्या जंगलपट्ट्यातून न नेता आधीच्या 220 केव्हीच्या मार्गाने न्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सशक्त समितीने 2021 मध्ये सुचवलं. लोक बोलले म्हणून ते झालं. ते अभियंत्यांना आधी सुचायला हवं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना आनंदाने सांगतो. 15 नोव्हेंबर 2024 रोजी नेपाळची 40 मेगावॉट वीज आपल्या ग्रिडमधून बांगलादेशला गेली. आकडा छोटा आहे. पण तीन देशांनी मीटर, तोटा आणि दर यांवर एकत्र सही केली. पावसाळ्यात नेपाळच्या नद्या भरलेल्या असतात आणि ढाक्याला पंखे-एसी चालू. ती वीज आता तुझ्याच लाइनवरून जाईल.

भिंतीवर दोन कॅलेंडरं लाव, एक तिकडचं. ईदला त्यांचे कारखाने बंद असतात, लोड खाली येतो. दुर्गापूजेत बंगालचा लोड वेगळाच चालतो. सणाच्या दिवशी कंट्रोल रूममध्ये माणसं कमी असतात, तेव्हा नवख्या मुलांनाच बसवतात. चवथीला तुला रजा मिळणार नाही असं धरून चाल, आणि ते आईला आत्ताच सांग. ती गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना तुझी वाट बघत राहील.

तुझे,
काका