जर्मन शेफर्ड पहिल्यांदाच गाभण आहे, किती पिल्लं होतील?

तुम्ही लिहिलंय की रोझी अडीच वर्षांची आहे, पहिलंच वेत आहे, 4 आणि 6 ऑक्टोबरला नर दाखवला आणि आता पाचवा आठवडा संपत आलाय. सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले "पाच तरी दिसतायत", शेजारचे काका पोटाकडे बघून बारा सांगतायत, आणि तुम्हाला नक्की आकडा हवाय. मीही इंदूरचीच, लोकमान्य नगरात राहते. आमच्या मैना नावाच्या कुत्रीचं बाळंतपण मी घरी केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जर्मन शेफर्डला साधारण 6 ते 8 पिल्लं होतात. पहिलटकरणीला बहुतेक वेळा थोडी कमी, चार-पाचसुद्धा. 10-12 होणाऱ्याही असतात, आणि एकच पिल्लू झालेलीही. ही मुळात जर्मनीतली मेंढ्या राखणारी जात. 1899 मध्ये माक्स फॉन स्टेफानित्स यांनी तिची संघटना काढली आणि दिवसभर कळपामागे पळेल अशी मध्यम-मोठ्या बांध्याची कुत्री त्यांना हवी होती. मादी 22 ते 32 किलोची असते. एवढ्या अंगाच्या कुत्रीला सात-आठ पिल्लं हा काही नवलाचा आकडा नाही, त्यामुळे पोट मोठं दिसतंय म्हणून घाबरू नका. पोटाच्या घेरावरून तर कुणीच काही सांगू शकत नाही, काकाही नाहीत.

संख्या बरीचशी आधीच ठरलेली असते: मादीचं वय, अंग आणि त्या माजात तिने सोडलेली बीजं. दुसरी गोष्ट म्हणजे नर कोणत्या दिवशी दाखवला. कुत्रीचं बीज सुटतं तेव्हा कच्चं असतं, पिकायला आणखी दोनेक दिवस घेतं. नराचं वीर्य मात्र तिच्या पोटात पाच-सहा दिवस टिकतं. म्हणूनच नर दाखवल्या तारखेपासून मोजलं तर 58 ते 68 दिवस असा सैल हिशोब येतो, आणि बीज सुटल्यापासून मोजलं तर जवळपास नेमके 63. आता या टप्प्यावर काही खाऊ घालून पिल्लं वाढत नाहीत, तेवढं मनातून काढून टाका.

सोनोग्राफीबद्दल. ती साधारण पंचविसाव्या दिवसानंतर करतात, ती पिल्लं आहेत का आणि त्यांची हृदयं चालू आहेत का हे बघायला. मोजायला नव्हे. कुत्रीच्या गर्भाशयाला दोन लांब शिंगं असतात, पिल्लं दोन्हीकडे ओळीने असतात आणि यंत्राला एका वेळी एकच काप दिसतो. एखादं दोनदा मोजलं जातं, एखादं मागे राहून जातं. त्यात सुरुवातीच्या आठवड्यांत एखादा गर्भ आतल्या आत विरूनही जातो. म्हणून "पाच तरी" हे डॉक्टरांचं उत्तर अगदी प्रामाणिक आहे.

आकडा हवा असेल तर एक्स-रे काढा, आणि तो 55 व्या दिवसानंतर. पिल्लांची हाडं 45 व्या दिवसाच्या सुमारास एक्स-रेत दिसण्याइतकी होतात, पण डोकी आणि पाठीचे कणे स्वच्छ मोजता येतात ते शेवटच्या आठवड्यात. एकदा काढलेल्या एक्स-रेने पिल्लांना काही होत नाही. तुमच्या तारखांनी हा दिवस 30 नोव्हेंबरच्या सुमारास येतो. मी हे इतकं आग्रहाने का म्हणतेय ते सांगते.

मैनेच्या वेळी आम्ही एक्स-रे काढला नव्हता. सोनोग्राफीत सहा सांगितले होते, आणि ज्यांच्याकडे दाखवत होतो ते म्हणाले, सहा म्हणजे सहा, कशाला तिला हलवता. आम्हालाही ते पटलं. जानेवारीचे दिवस होते. 62 व्या दिवशी संध्याकाळी तिचं तापमान 101.4 वरून 98.6 वर आलं, तिने पाण्यालाही तोंड लावलं नाही आणि आईच्या जुन्या सुती साडीच्या चिंध्या करून कोपऱ्यात रचल्या. रात्री पावणेदोनला पहिलं पिल्लू आलं. तिने पडदा चाटून काढला, नाळ तोडली, आणि ते ओलं, काळं, मुठीएवढं पिल्लू आपलं आपण सरपटत सडाला लागलं. मी वहीत वेळ लिहीत होते, आई वजनकाट्यावर वाटीत फडकं घालून वजन करत होती: 430, 460, 410. सकाळी सहाला सहावं आलं. मैना निजली, पिल्लं ओळीने पीत होती, आम्ही चहा केला आणि फोन करून सगळ्यांना कळवलं.

सातवं आत होतं. त्या दिवशी दुपारनंतर ती अधूनमधून कळ द्यायची आणि थांबायची. आम्हाला वाटलं, वार पडायची राहिली असेल. संध्याकाळी अंग कापायला लागलं आणि खालून जाणाऱ्या पाण्याला वास येऊ लागला, तेव्हा दुसरीकडे नेलं. एक्स-रेत आडवं अडकलेलं पिल्लू दिसलं. पोट उघडून काढावं लागलं, ते मेलेलं होतं. मैना वाचली, पण पुढचे दहा दिवस टाके सांभाळत सहा पिल्लांना पाजताना तिचे जे हाल झाले ते मी विसरले नाही. भिंतीवर "7" असा आकडा लिहिलेला असता तर सकाळी सहालाच आम्ही गाडी काढली असती. आकडा हवा तो यासाठी: बाळंतपण संपलं की नाही हे कळायला.

एखादंच पिल्लू असेल तरी ते आधी कळलेलं बरं. पोटात एकच असलं तर कळा सुरू करण्याचा इशारा कमी पडतो, दिवस वर जातात, पिल्लू मोठं होतं आणि सिझेरियनची वेळ येते.

आता घरात काय कराल. 28 नोव्हेंबरपासून दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, गुदद्वारातून तापमान घ्या आणि लिहून ठेवा. 99 च्या खाली गेलं की साधारण 24 तासांत ती विते. मग धापा टाकणं, खड्डा उकरणं, येरझाऱ्या, हे सहा-बारा तास चालू शकतं, पहिलटकरणीत जास्तही. दोन पिल्लांमध्ये अर्धा-एक तास जातो. मधे ती शांत पडून असेल तर दोन तासांपर्यंत थांबता येतं. पण अर्धा तास जोरात कळा देऊनही काही आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाच्याही आधी हिरवं पाणी गेलं, तर वाट बघू नका. पिल्लं झाल्यावर हिरवट-काळपट जाणं नेहमीचं आहे, आधी जाणं म्हणजे वार सुटलेली आहे. कळा याव्यात म्हणून कुणी घरी येऊन ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतो म्हणाला तर देऊ देऊ नका. वाट अडलेली असेल तर त्याने गर्भाशय फाटू शकतं.

कॅल्शियमच्या गोळ्या गाभणपणी सुरू करू नका. आपल्याला वाटतं हाडांना चांगलं, पण बाहेरून मिळत राहिलं की तिचं शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायचं विसरतं, आणि दूध भरात येतं तेव्हा, म्हणजे विल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी, रक्तातलं एकदम उतरतं. पाय ताठ होणं, थरथर, न थांबणारी धाप: हे दिसलं तर पिल्लं बाजूला करून थेट दवाखाना.

खाणं पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून हळूहळू वाढवा, थोडं थोडं, चार वेळा. पिल्लांसाठीचं खाद्य या दिवसांत तिला उत्तम. आमच्या आजीने बाळंतिणीचे म्हणून मैनेसाठी डिंकाचे लाडू वळले होते, इतक्या मायेने की नाही म्हणवेना. पण त्यात बेदाणे होते, आणि द्राक्षं-बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला विषारी असतात. शेवटी आजीनेच तिला उकडलेलं अंडं आणि भात भरवला.

डिसेंबरात आपल्याकडे रात्री चांगल्याच गार असतात, आणि पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पेटीच्या एका कोपऱ्यात पहिल्या आठवड्यात 29 ते 32 अंश सेल्सिअस राहील असा दिवा लावा, दुसरा कोपरा मोकळा ठेवा, म्हणजे रोझीला गरम झालं तर ती सरकेल. एखादं पिल्लू गार लागलं तर आधी छातीशी धरून ऊब द्या, मग दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही. पहिल्या दिवशीचा चीक प्रत्येकाच्या पोटात गेला पाहिजे, आठ असतील तर दुबळं कोपऱ्यात ढकललं जातं, त्याला हाताने सडाला लावा. रोज वजन करा, सात ते दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवं.

आणि पिल्लं कुणी कितीही मागे लागलं तरी आठ आठवड्यांच्या आत देऊ नका. 2017 च्या केंद्राच्या नियमांतही त्याआधी विकायला मनाई आहे.

रात्री-बेरात्री कुठे न्यायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, रात्री सिझेरियन करता का हे फोनवर स्पष्ट विचारा. एक्स-रे झाला की आकडा इथे नक्की लिहा, मी वाट बघतेय. आणि तो पेटीच्या वर भिंतीवर, झोपेत असतानाही दिसेल एवढा मोठा लिहून ठेवा.