वर्षाला ७० हजार म्हणे, पण पहिल्या महिन्याचं भाडं?

इथे न्यू जर्सीत सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या मराठी घरांमधे हल्ली एक प्रश्न फिरून फिरून येतो. नोकरी गेलीये, नवरा ट्रकचं लायसन्स काढायचं म्हणतोय, कंपनी स्वतःच्या खर्चाने शिकवणार आहे, पण शिकताना हातात काय येणार आणि माणूस घरी कधी येणार हे कोणी सरळ सांगतच नाही. तर एका जोडप्याची गोष्ट सांगते, त्यांना विचारून सांगतेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तो ४४ चा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला, दुसऱ्यांदा लेऑफ झालेला. ती फार्मसीत टेक्निशियन. मुलगा तिसरीत. ग्रीन कार्ड आहे म्हणून हा रस्ता त्याला मोकळा होता (एच-१बी वाल्यांनी हे वाचून ट्रकच्या मागे लागू नका, तो व्हिसा तुमच्या कंपनीच्या त्याच कामाला बांधलेला असतो). दोघं आली ती भांडतच आली, म्हणजे पार्किंगमधे सुरू झालेलं भांडण माझ्या खुर्चीपर्यंत आलं. तो म्हणाला, ताई, पहिल्या वर्षी ७० हजार डॉलर, रिक्रूटर, म्हणजे ट्रक कंपनीचा भरती करणारा माणूस, स्वतः बोललाय. ती म्हणाली, एक तारखेला २४०० भाडं जातं, ते कोण भरणार ते विचार त्याला.

मला पहिल्या दहा मिनिटांतच जाणवलं की ही दोघं वेगवेगळ्या महिन्यांबद्दल बोलतायत. तो बाराव्या महिन्यातून बोलत होता आणि ती पहिल्या. दोघांचंही बरोबर, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

मी एक कोरा कागद घेतला, आडवा धरला आणि त्याच्या घड्या घालून चार रकाने केले. म्हटलं, ट्रेनिंग ट्रेनिंग म्हणताय ते एक नाहीये, त्यात शाळा वेगळी, ट्रेनरबरोबरचे आठवडे वेगळे, मग एकट्याने गाडी चालवायची ते वेगळं आणि या सगळ्यावर पसरलेला करार वेगळा. प्रत्येकात वर पैसे लिहा, खाली घर लिहा. त्याच्याकडे ऑफरचं पत्र होतं, त्यातूनच भरायला सांगितलं, रिक्रूटर फोनवर काय म्हणाला ते लिहायचं नाही.

शाळा ४ आठवडे, पेनसिल्व्हेनियात. बसचं तिकीट कंपनीचं, मोटेलची खोली दोघांत एक, दुपारचं जेवण कंपनीचं, पगार शून्य. शून्य लिहिताना त्याने ते इतकं छोटं लिहिलं की मला हसू आलं. काही कंपन्या शाळेतही थोडेफार देतात, काही काहीच देत नाहीत, आणि २०२२ च्या फेब्रुवारीपासून सरकारकडे नोंद असलेल्या ठिकाणीच शिकायचं असा नियम आहे खरा, पण किती तास गाडी शिकवायची हे त्या नियमात नाही, त्यामुळे एकाची ३ आठवड्यांची शाळा आणि दुसऱ्याची ५ ची अशी तुलना करून काही कळत नाही. एक मात्र आधी करता येतं. शिकाऊ परमिट घरी राहूनच काढायचं. परमिट हातात आल्यावर १४ दिवस गेल्याशिवाय गाडीची परीक्षा देता येत नाही, मग ते १४ दिवस मोटेलात बसून कशाला मोजायचे, घरचं जेवून मोजा की. ड्रायव्हरची मेडिकल तपासणीही इथेच करून टाकायची.

दुसरा रकाना ट्रेनरचा. इथे मात्र आम्ही तासभर अडकलो. लायसन्स मिळालं तरी कंपनी लगेच गाडी देत नाही, जुन्या ड्रायव्हरबरोबर त्याच्या ट्रकमधे फिरायचं, याच्या पत्रात ६ आठवडे आणि आठवड्याला सरसकट ६५० डॉलर. ऐकायला ठीक वाटतं. मी म्हटलं, तास मोजा. कायद्याने दिवसाला ११ तास गाडी चालवता येते, ती पण कामाला लागल्यापासूनच्या १४ तासांच्या आत, आणि त्याच्यासारख्यांना ८ दिवसांत ड्युटीचे ७० तास भरले की गाडी हातात घ्यायची नाही. आपण आठवड्याला ६० धरले तर तासाला १० डॉलर ८३ सेंट, तेही टॅक्सच्या आधी. ती लगेच म्हणाली, आमच्या फार्मसीत काउंटरवरच्या पोरीला याच्यापेक्षा जास्त मिळतात. बरोबरच आहे, न्यू जर्सीत किमान वेतनच १५ डॉलरच्या वर आहे. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या ड्रायव्हरला केंद्राचा ओव्हरटाइमचा नियम लागू नाही, आणि सरसकट रकमेत तास दिसतच नाहीत.

तिने आदल्या रात्री गूगल करून न्यू प्राइम या ट्रक कंपनीची केस वाचली होती. शिकाऊ असताना हजारो मैल चालवले आणि पगार नीट दिला नाही अशी एका ड्रायव्हरची तक्रार होती, ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, २०१९ मधे निकाल लागला. तो म्हणाला, बघ, ड्रायव्हर जिंकला. जिंकला, पण कोर्टाने निकाल पगाराचा नाही दिला, केंद्राच्या लवाद कायद्याचा आधार घेऊन कंपनी त्याला लवादाकडे (कोर्टाऐवजी खाजगी पंचाकडे) ढकलू शकत नाही एवढंच म्हटलं. म्हणून करारात लवादाचं कलम आहे का ते सही करण्याआधी वकिलाला दाखवा म्हटलं, शंभर-दोनशे डॉलर गेले तरी चालतील.

आणि त्या ६ आठवड्यांत घर? पत्रात एक ओळ नव्हती. हे लोकांच्या लक्षातच येत नाही की ट्रेनरच्या गाडीत असताना तुमची सुट्टी म्हणजे ट्रेनरची सुट्टी. त्याचं घर टेक्ससमधे असेल तर तो त्याच्या बायकोकडे जातो आणि तुम्ही दोन दिवस कुठल्यातरी मोटेलात. हे ऐकून ती गप्प झाली आणि मला वाटलं आता रडते की काय, पण तिने पर्समधून पेन काढलं आणि दुसऱ्या रकान्यात खालच्या बाजूला लिहिलं, रात्री ताप आला तर. बस एवढंच. तोपर्यंत भाड्यावरून चाललेल्या भांडणाचं मूळ इथे होतं.

तिसऱ्या रकान्यात त्याचे ७० हजार होते. मैलाला ५० सेंट. म्हणजे ७० हजारांना १ लाख ४० हजार मैल लागतात, आठवड्याला जवळपास २७०० मैल, ५२ आठवडे, एकही दिवस गाडी बिघडणार नाही, माल भरायला कोणी चार तास ताटकळत ठेवणार नाही, आणि पहिल्या दिवसापासून एकटा चालवणार. आम्ही साधा हिशोब केला. पहिले ४ आठवडे शून्य, पुढचे ६ आठवडे ३९००, उरलेले ४२ आठवडे सुट्टी-बिट्टी धरून सरासरी २२०० मैल, त्याचे ४६,२००. एकूण ५०,१००. रिक्रूटर खोटं बोलला असं मी म्हणत नाही, तो दुसऱ्या वर्षाचा चांगला आठवडा ५२ ने गुणून सांगत होता.

घरी येणं, आठवडाभर बाहेर राहिलं की एक दिवस जमा, ३ आठवडे बाहेर तर ३ दिवस घरी. इथे एक गफलत होते. ७० तास संपले की ३४ तास सलग विश्रांती घेतली तर तास पुन्हा शून्यापासून मोजतात, त्याला रीस्टार्ट म्हणतात, आणि काही जण तोच होम टाइम समजतात. रीस्टार्ट नेब्रास्काच्या ट्रक स्टॉपवर पण होतो. दुसरं म्हणजे ती सत्तर फुटांची गाडी तुमच्या अपार्टमेंटखाली लागत नाही, ती कुठे लावायची आणि तिथून घरी कसं यायचं हे आधी ठरवायचं, नाहीतर तीन दिवसांतला अर्धा त्यातच.

चौथ्यात करार. एक वर्ष राहायचं, आधी सोडलं तर शाळेचे ६००० डॉलर कंपनीला परत द्यायचे. मी विचारलं, सहा महिन्यांनी सोडलं तर अर्धे की पूर्ण? त्याला माहीत नव्हतं. आणि कंपनीनेच काढलं तर? तेही नाही. आजारपणाचा विमा कधीपासून? तो म्हणाला, पहिल्या दिवसापासून असेल ना. नसतो बहुतेक, कायद्याने ९० दिवसांपर्यंत थांबवू शकतात. म्हणून मधल्या काळापुरतं तिच्या फार्मसीच्या विम्यात सगळ्यांना घालायचं ठरलं.

यात त्याच्या वडिलांचा मला फार उपयोग झाला. ते एसटीत ड्रायव्हर होते, आणि घरात सगळ्यात जास्त विरोध आईचा, ड्रायव्हरच व्हायचं होतं तर इंजिनियर कशाला केलं, लोक काय म्हणतील वगैरे. व्हिडिओ कॉलवर वडील शांतपणे म्हणाले, मी पंधरा वर्षं मुक्कामाची गाडी केली, रात्री खेड्यात झोपायचो, पण ड्युटीचा तक्ता डेपोत लागलेला असायचा, तुझ्या आईला माहीत असायचं कुठल्या रात्री मी नाही. तुझा तक्ता कुठाय? आई त्यानंतर काही बोलली नाही. मला फी न घेता एवढं नेमकं बोलणारं माणूस कमी भेटतं.

मग आम्ही रिक्रूटरला मेल लिहिली, फोन नाही. ट्रेनरबरोबर असताना घरी सोडणार का आणि किती दिवसांनी, ट्रेनर सुट्टीवर गेला तर मला पैसे मिळणार का, वर्षाआधी सोडलं तर रक्कम दर महिन्याला कमी होते का, तुम्ही काढलं तर काय, आणि अंघोळीचं काय. शेवटचा प्रश्न माझा. ट्रक स्टॉपवर डिझेल भरलं की शॉवर फुकट मिळतो, पण त्याचे पॉइंट्स ट्रेनरच्या कार्डावर जमा होतात, तो चांगला असला तर देतो, नाहीतर दर वेळी पंधरा-वीस डॉलर आपले. आठ दिवसांनी उत्तर आलं, पाचातल्या दोनच गोष्टींचं. त्याने त्या कंपनीचा नाद सोडला. काउंटीच्या वन-स्टॉप करिअर सेंटरला (नोकरी शोधणाऱ्यांसाठीचं सरकारी केंद्र) पण जाऊन आला, बेरोजगारांना ट्रेनिंगसाठी अनुदान असतं, तसं मिळालं तर शाळेचं बंधनच राहत नाही, पण त्याला थांबणं परवडण्यासारखं नव्हतं. शेवटी दुसऱ्या एका कंपनीत गेला, मैलाला ४ सेंट कमी, पण ईशान्येकडच्या राज्यांतच फिरायचं आणि शनिवार-रविवार घरी हे लेखी. जायच्या आधी दोन महिने वेअरहाऊसमधे काम करून तीन महिन्यांचं भाडं बाजूला काढलं.

सगळं गोड झालं असं नाही. ट्रेनरबरोबरच्या पाचव्या आठवड्यात मुलाचा वाढदिवस चुकला, त्या रात्री अकराला तिचा मला फोन, काही सांगायचं नव्हतं, नुसतं कोणाशी तरी बोलायचं होतं. तापाच्या रात्रीसाठी शेजारच्या तेलुगू मावशींना किल्ली देऊन ठेवली होती, ती एकदा लागली पण.

परवा त्यांच्याकडे गेले होते, फ्रिजवर कालनिर्णय, सांगलीहून आलेलं. आमच्याकडे आई दुधाचा हिशोब लिहायची तशा त्याच्या चौकोनांत लाल पेनने घ, घ, घ लिहिलेलं, घरी तो दिवस. जिथे यायचं ठरलं होतं आणि आला नाही तिथे घ वर काट. ऑक्टोबरात दोन काट, नोव्हेंबरात एक. करार मार्चमधे संपतो. तो म्हणतो मग लोकल काम बघतो, रोज रात्री घरी. ती म्हणते, लेखी आण, मग बोलू.