पाहुणे येणार की पाहुण्या?

सोलापूरच्या एका वाचक ताईंनी विचारलंय : ‘आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा एका तृतीयपंथी व्यक्तीला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलंय. पत्रिकेत तृतीयपंथी छापावं की पारलिंगी? आणि सूत्रसंचालनात ‘ते’ म्हणू की ‘त्या’?’

ताई, पत्रिकेत दोन्हीही नको. गेल्या वर्षीच्या पाहुण्यांच्या नावापुढे ‘स्त्री’ छापलं होतं का? नाव आणि काम, बास.

आता शब्दांकडे. पंथ म्हणजे वाट, आपण होऊन धरलेली. नाथपंथ, महानुभाव पंथ म्हणतो तसा. हिजड्यांच्या घराण्यांत गुरू असतो, चेले असतात, त्यामुळे त्यांना ‘तृतीयपंथी’ एक वेळ शोभतो. पण मुलगी म्हणून वाढवलेला आणि आज पुरुष म्हणून जगणारा माणूस कुठल्या पंथात गेला? आणि तिसरा कसा? तो स्वतःला पहिलाच समजतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानेही पुरुष, स्त्री की तृतीय हे ज्याचं त्यानं सांगायचं असंच म्हटलंय.

‘पारलिंगी’ हा ट्रान्सजेंडरसाठी घडवलेला शब्द. पारपत्र, पारदर्शक यांतलाच हा ‘पार’. शब्द कागदी, पण त्याच्या पोटात जास्त माणसं मावतात. मला अडतं ते पुढचं ‘लिंग’. व्याकरणाचं लिंग, शरीराचं लिंग, मनाची ओळख, सगळ्याला आपल्याकडे एकच शब्द. त्यात तुमचं गाव सिद्धरामेश्वरांच्या 68 लिंगांचं! ‘किन्नर’ हा गंधर्वांच्या पंगतीतला. ऐकायला गोड, म्हणून चालतो. जोगता मात्र वेगळा : यल्लम्माला वाहिलेला, डोक्यावर देवीचा ‘जग’, म्हणजे तिची मूर्ती बसवलेली टोपली, घेऊन फिरणारा. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्याने किन्नर, हिजडा, तमिळनाडूतले अरवाणी, जोगता यांना एकाच व्याख्येत बसवलं. कायद्याची ती सोय झाली. बोलताना आपण तशी मोट बांधू नये, असं माझं मत.

खरी गंमत सर्वनामात आहे. तुमच्या सोलापुरातच, तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या दुकानात बसलो होतो. टाळी वाजली तसे मालक गल्ल्यावरून उठत आत ओरडले, ‘अक्का वच्चारु!’ मग माझ्याकडे वळून मराठीत, ‘ते आले... त्या आल्यात.’ तेलुगूत त्यांची जीभ अडखळली नव्हती. आदरार्थी ‘वच्चारु’ला बाई-बुवा कळत नाही, कानडीतल्या ‘अवरु बंदरु’लाही नाही. आपल्याला मात्र आदर दाखवतानाही आधी ‘ते’ की ‘त्या’ ठरवावं लागतं.

तरी मराठीलाही पळवाटा आहेत. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ यांत काही कळत नाही. भविष्यकाळातही नाही : तो बोलेल, ती बोलेल. तेव्हा ‘यांनी बचतगट उभा केला, आता त्यांच्याकडूनच ऐकू या’ असं म्हटलं तर अख्खं सूत्रसंचालन निभावतं. फक्त ‘ते आलं, ते बसलं’ अशा नपुंसकलिंगावर जाऊ नका. लेकराला ते लाडाचं, मोठ्या माणसाला लागतं.

पण एवढी कसरत कशाला? फोन करून विचारा, ‘पत्रिकेत पाहुणे लिहू की पाहुण्या?’ नुसता कानोसा घेऊन ठरवायला जाल तर फसाल. पाहुण्यांनी ‘मी येईन’ म्हटलं तर काहीच कळणार नाही. ‘मी येतो’ म्हटलं तरी घाई नको. कोल्हापूर-सांगलीकडच्या बाया सर्रास ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. पाहुण्यांचं गाव तिकडचं निघायचं!