दिवाळीनंतर पुन्हा डाएटवर येताना

फराळाचे डबे रिकामे झाले, आता सोमवारपासून कडक लो-कार्ब डाएट (म्हणजे कार्ब्स, पिठूळ आणि गोड पदार्थांतली कर्बोदकं, कमी करायची), असं ठरवू नकोस गं. आज रात्रीच्या जेवणापासूनच सुरू कर, आणि तेही घरात रोज येणाऱ्या भाज्यांवर.

सगळ्यात जास्त फसगत भाकरीत होते. पोळी सोडून दोन भाकऱ्या खाल्ल्या की कार्ब्स कमी झाले असं वाटतं. पण ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठातही साधारण 70 ग्रॅम कार्ब्स असतात, जवळपास गव्हाइतकेच. उपासाचा साबुदाणा तर निव्वळ स्टार्च. हे कळायला मला वर्ष लागलं, म्हणून आधीच सांगतेय.

माझं रात्रीचं ठरलेलं जेवण म्हणजे कोबी-अंड्याची भुर्जी. लोखंडी कढईत तेल, मोहरी, मिरची, कढीपत्ता, मग दोन वाट्या बारीक चिरलेला कोबी मोठ्या आचेवर परतायचा. झाकण अजिबात ठेवू नकोस, पाणी सुटून तो गिळगिळीत होतो. कडा तांबूस झाल्या की दोन अंडी फोडून घाल, मीठ शेवटी. अंडं चालत नसेल तर 100 ग्रॅम पनीर कुस्कर. सोबत काकडीची कोशिंबीर, बिनसाखरेची.

मेथी, पालक, दुधी, दोडका, वांगं बिनधास्त खा. बटाटा, रताळं सध्या नको.

कार्ब्स कमी झाल्याने पहिले तीन-चार दिवस डोकं जड वाटू शकतं. बीपीचा त्रास नसेल तर मीठ घातलेलं ताक पी. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोल, साखर एकदम उतरू शकते.