लॉगवर नाव आधी, बाकी सगळं नंतर

काल रात्रीचा तुझा मेसेज वाचला. सोमवार ते बुधवार परळला कॅन्सरची क्लिनिकल ट्रायल (उपचाराची पेशंटवरची चाचणी), गुरुवारपासून सायनला डायबिटीसची, एकीकडची कोऑर्डिनेटर मॅटर्निटी लीव्हवर, दुसरीकडची सोडून गेलेली, आणि तुला वाटतंय आपण कुठल्याच टीमच्या नाही, नुसती भोकं बुजवायला ठेवलंय. वाटणारच. पण चार टीमना मिळून बदली कोऑर्डिनेटरांचा एक पूल परवडतो, प्रत्येकीला बसून असलेला जादा माणूस परवडत नाही, एवढंच आहे ते, त्यात तुझा अपमान शोधत बसू नकोस.

मी दचकले ते वेगळ्याच वाक्याला, जे तू सहज लिहून गेलीस. सर म्हणाले आज पेशंटला कन्सेंट (ट्रायलची संमती) समजावून सांग, लॉगचं नंतर बघू.

अगं नंतर काय नंतर? डेलिगेशन लॉगवर, म्हणजे ट्रायलचं कुठलं काम कुणाला दिलंय त्या नोंदीत, तुझं नाव, कुठली कामं, कुठल्या तारखेपासून, समोर पीआयची, म्हणजे ट्रायलच्या मुख्य डॉक्टरची सही, हे झाल्याशिवाय पेशंटसमोर बसायचंच नाही. प्रोटोकॉलच्या, म्हणजे ट्रायलच्या ठरलेल्या आराखड्याच्या, ट्रेनिंगची नोंदही त्याआधीच. मागची तारीख टाकू म्हणाले तर सरळ नाही म्हणायचं. पर्मनंट मुलीला एकवेळ सांभाळून घेतात, पूलवाली तोवर दुसऱ्या साइटला गेलेली असते आणि कागद तपासायला मॉनिटर आल्यावर सगळं तिच्याच नावावर खपवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कुणीतरी तुला ऐकवेल की आयसीएच जीसीपीच्या, म्हणजे ट्रायलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांच्या, जानेवारी २०२५ च्या व्हर्जनमध्ये लॉगमधून सूट आहे. आहे, पण रोजच्या नेहमीच्या उपचारात बसणाऱ्या कामांना. ट्रायलची कन्सेंट त्यात कुठून बसते ते विचार त्यांना.

आणि हा नुसता कागदाचा सोस नाही गं. पहिल्या दिवशी कपाट उघडलंस की माहितीपत्रकांचा गठ्ठा दिसेल, वरचीच प्रत उचलशील, आणि ती मागच्या व्हर्जनची असेल, कारण एथिक्स कमिटीने मंजूर केलेली नवी मराठी प्रत पलीकडच्या फाइलमध्ये असते आणि ते जुन्या कोऑर्डिनेटरलाच माहीत असतं. किंवा व्हिजिटला आलेला पेशंट बोलता बोलता म्हणेल, मधे दोन दिवस गावाला अ‍ॅडमिट होतो हो, सलाईन लावलं. तू मान हलवून बीपी घेशील. ते अ‍ॅडमिट होणं म्हणजे एसएई (गंभीर प्रतिकूल घटना), ट्रायलच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे पीआयने २४ तासांत सीडीएससीओ (केंद्राची औषध नियामक संस्था), स्पॉन्सर (ट्रायल करवणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला कळवायचं. ट्रेनिंग न देता बसवलेल्या मुलीला हे कोण सांगणार?

माझंही असंच झालं होतं. पालघरहून पहाटेची गाडी पकडून एक आजोबा आलेले, उपाशीपोटी, ट्रायलमध्ये बसतात का ते बघायच्या स्क्रीनिंगसाठी. माझं नाव लॉगवर नव्हतं, पीआय संध्याकाळपर्यंत ओटीत. मी हात लावला नाही. पीआयचे सहकारी डॉक्टर, को-इन्व्हेस्टिगेटर, सगळ्यांदेखत ओरडले, आजोबा परत गेले ते आलेच नाहीत. त्यांना जाताना बघितलेलं अजून टोचतं, खोटं कशाला सांगू. पण मी बसले असते तर त्यांचं रक्त काढून झाल्यावर सगळं बाद ठरलं असतं, मग? हट्टी म्हणतात मला, म्हणू देत, त्या डिपार्टमेंटने मला पुन्हा बोलावलं नाही तेही चालेल. माझं बरोबरच होतं.

असो, भरकटले. जुन्या मुलीचा पासवर्ड ड्रॉवरच्या डायरीत चिकटवलेला सापडेल, त्याने ईडीसीमध्ये (ट्रायलची माहिती भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एंट्री करू नकोस, स्वतःचं लॉगिन माग, दोन दिवस गेले तर जाऊ देत, एंट्री थांबू शकते. पेशंट थांबत नाही म्हणाले, तर त्याची नोंद सोर्समध्ये, म्हणजे मूळ कागदपत्रांत, ज्याचं नाव लॉगवर आहे त्याला करू दे. आणि साइट सोडताना त्याच लॉगवर एंड डेट टाकून घे, हे सगळे विसरतात.

उद्या सकाळी सरांना राउंडच्या आधी गाठ, नंतर ते सापडत नाहीत. आणि परळ-सायन येण्याजाण्याचा खर्च पूलच्या बिलात लाव, मागितल्याशिवाय कुणी देत नाही.