मांड, चाबुकस्वार आणि जॉर्ज फ्लेचर

जॉर्ज फ्लेचर या विस्मृतीत गेलेल्या अमेरिकी रोडिओपटूवर (रोडिओ म्हणजे उसळत्या घोड्यावर टिकून राहण्यासारख्या कसरतींचा खेळ) मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने दोन शंका विचारल्या आहेत. रोडिओतील स्वाराला 'चाबुकस्वार' म्हणता येईल का, ही पहिली. आणि १९११ मध्ये एका रोडिओ स्पर्धेत दुसरा आलेल्या फ्लेचरला 'विजेता' म्हणावे की 'उपविजेता', ही दुसरी.

'चाबुकस्वार' हा जुना आणि नेमका शब्द आहे, पण तो येथे बसत नाही. अडेल किंवा कोऱ्या घोड्याला वळण लावून स्वारीयोग्य करणारा तो चाबुकस्वार. आज हा शब्द बहुतेकांना आडनाव म्हणूनच ठाऊक असतो. रोडिओतल्या घोड्याला वळण लावायचेच नसते. तो जितका जोरात उसळेल, पाठ कमानीसारखी उचलून मागच्या लाथा झाडील, तितके स्वाराचे गुण वाढण्याची शक्यता अधिक. घोडाही स्वाराच्या पसंतीचा नसतो, चिठ्ठीने वाट्याला येतो. त्या अर्थी हा गडी स्वतःच्या घोड्यावर लढणाऱ्या शिलेदारापेक्षा सरकारी घोड्यावर लढणाऱ्या बारगिराच्या जवळचा, पण त्या शब्दाला चिकटलेली लष्करी चाकरी येथे कामाची नाही. जिनावर बसून खेळायच्या या प्रकारात एका हातात दोर धरायचा आणि दुसरा हात मोकळा ठेवायचा. तो हात घोड्याला किंवा जिनाला लागला की स्वार बाद. म्हणजे येथे कसोटी लागते ती मांडीची, आणि त्यासाठी आपल्याकडे 'मांड' हा शब्द आहेच. 'मांड पक्की', 'मांड सुटली', 'मांड ठोकून बसला' हे प्रयोग लेखात मोकळेपणाने वापरावेत. 'रोडिओ' मात्र तसाच ठेवावा. गुरांना घेरून एकत्र करणे या अर्थाच्या स्पॅनिश शब्दापासून तो आला आहे, आणि 'अश्वक्रीडा' म्हटल्यास डोळ्यांपुढे काही भलतेच उभे राहील.

दुसऱ्या शंकेचे उत्तर १९११ च्या निकालातच आहे. ऑरेगन राज्यातील पेंडल्टन गावी त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालेल्या 'राउंड-अप' या रोडिओ स्पर्धेच्या अंतिम फेरीत तीन स्वार उरले होते: गोरा जॉन स्पेन, कृष्णवर्णीय फ्लेचर आणि नेझ पर्स या मूलनिवासी जमातीचा जॅक्सन सनडाउन. पंचांनी स्पेनला पहिले ठरवले. स्पेनचा मोकळा हात लागल्याचे काहींचे म्हणणे होते, आणि फ्लेचर केवळ वर्णामुळे डावलला गेला अशी प्रेक्षकांतल्या पुष्कळांची खात्री झाली. तेव्हा तिथल्या टिल टेलर नावाच्या शेरीफने फ्लेचरची टोपी मागून घेतली, तिचे तुकडे केले, ते प्रेक्षकांना विकले आणि जमलेले पैसे फ्लेचरच्या हाती ठेवले. त्या दिवसापासून तो 'लोकांचा विजेता' म्हणून ओळखला गेला.

म्हणून नुसते 'उपविजेता' लिहिले तर नोंद बरोबर राहते, पण घटना निसटते. नुसते 'विजेता' लिहिले तर स्पेनच्या नावावरची नोंद पुसल्यासारखे होते. अर्थाच्या दृष्टीने 'लोकमान्य विजेता' अगदी चपखल झाले असते, परंतु मराठीत ते विशेषण एका व्यक्तीचे होऊन बसले आहे आणि वाचकाचे लक्ष टिळकांकडे गेल्याशिवाय राहणार नाही. माझ्या मते पहिल्या उल्लेखात 'पंचांच्या निकालात दुसरा, पण प्रेक्षकांनी विजेता मानलेला' असे सविस्तर लिहावे आणि पुढे 'लोकांचा विजेता' एवढेच पुरे. 'अजिंक्यवीर' टाळावा, ज्याच्या स्मरणाचे कारणच एक वादग्रस्त हार आहे, त्याला तो शोभत नाही.

लेखात सनडाउन येणार असेल, तर त्याच्यासाठी अशी कसरत करावी लागणार नाही. १९१६ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्याच पेंडल्टनच्या मैदानावर त्याने ही स्पर्धा जिंकली. तेथे 'विजेता' हा एकच शब्द, कोणतेही विशेषण न लावता, लिहावा.